बोथट काचा

गरम काच आणि गार काच दिसायला अगदी सारखी असते. कारखान्यात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हे सांगतात आणि पहिल्या आठवड्यात बोटाच्या टोकाला ते पटतं. कापसाला मात्र तीन महिने होत आले तरी ते पटायचं राहिलं होतं. तिच्या दहाही बोटांवर साधा ओरखडा नव्हता, आणि तीच तर अडचण होती.

कापूस हे अर्थात तिचं खरं नाव नव्हतं. बावीस वर्षांची, रसायनशास्त्राची पदवी घेतलेली, उंच आणि कमी बोलणारी अशी ती मुलगी. प्रयोगशाळांसाठी काचेची उपकरणं हाताने बनवणाऱ्या या छोट्या कारखान्यात ती रुजू झाली, त्या दिवशी वडील फाटकापर्यंत सोडायला आले होते. जाताना त्यांनी तिच्या हातात एक पिशवी ठेवली. पिशवीत भाजल्यावर लावायची दोन मलमं, पट्ट्या, डोळे धुवायचं पाणी, हातमोजे, त्या हातमोज्यांच्या आत घालायचे दुसरे हातमोजे, आणि या सगळ्याला धक्का लागू नये म्हणून भोवती कापसाचा अख्खा गुंडाळा. जेवणाचा डबा त्यात शोधावा लागला.

"अगं, तू कामाला आलीस की पार्सलने आलीस?" रेघताईने विचारलं. दुपारपर्यंत नाव पडलं होतं.

रेघताई म्हणजे नळ्यांवर मापाच्या रेघा आखणारी. हात इतका स्थिर की केसाच्या जाडीची रेघ एका दमात ओढायची, आणि जीभ मात्र क्षणभर स्थिर नाही. कापूस शिकत होती ती फुंकरकाकांच्या हाताखाली. काका साठीचे होते. चाळीस वर्षं काच फुंकून त्यांचे गाल सैल पडले होते आणि बोलतानाही ते मधूनच नळीत फुंकल्यासारखे थांबायचे.

काकांचा एक रिवाज होता. नवीन माणसाला ते एक लाकडी पेटी देत, बुटांच्या खोक्याएवढी. काम करताना हातून जी काच फुटेल ती त्या पेटीत टाकायची. पेटी काठोकाठ भरली की त्या माणसाला स्वतःचं टेबल आणि स्वतःचा बर्नर मिळायचा. तीन महिन्यांत भरली नाही, तर माणूस पॅकिंगमध्ये जायचा.

"एवढी काच फुटली की हाताला अक्कल येते," काका म्हणायचे. "डोक्याला असतेच. तिचा इथे काही उपयोग नाही."

रेघताईची पेटी बावीस दिवसांत भरली होती आणि ती हे अजून सांगायची. कापसाच्या पेटीत सात तुकडे होते. तिचे तीन महिने येत्या शुक्रवारी संपत होते.

तिला ते टेबल हवं होतं. खिडकीजवळचं तिसरं, ज्यावर बर्नरचा निळा सुळका दुपारच्या उन्हात जवळजवळ दिसेनासा व्हायचा. पदवीच्या तीन वर्षांत तिने किती परीक्षानळ्या धुतल्या त्याला गणती नव्हती. त्या कुणाच्या तरी श्वासाने आकाराला येतात हे इथे आल्यावर कळलं, आणि त्या दिवसापासून तिला दुसरं काही करावंसं वाटेनासं झालं. पण नळी ज्योतीत धरली, दोन्ही हातांनी एकाच वेगाने फिरवली, कडा नारिंगी होऊन मऊ पडायला लागल्या, की तिला एकच दिसायचं. आता लोंबेल, आता वाकेल. आणि ऐन वेळी ती नळी ज्योतीबाहेर काढायची. दोन नळ्यांचा जोड दिसायला नीट असायचा. काका लाकडी काडीने त्यावर टिचकी मारायचे आणि आवाज ऐकून मान हलवायचे.

"या दोघी जोडल्या गेल्या नाहीत. नुसत्या शेजारी बसल्यात."

असे फुटलेले नाहीत आणि जोडलेलेही नाहीत अशा तुकड्यांचं तिचं एक अख्खं फळकुट भरलं होतं.

हे कुठून आलं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिचे बाबा लिफ्टचे तपासनीस होते. शहरभरच्या इमारतींत हिंडून, लोक ज्यात निश्चिंत उभे राहतात त्या पेटीत काय काय बिघडू शकेल हे शोधायचं, हा त्यांचा धंदा. हा धंदा ते घरीही घेऊन यायचे. एकुलत्या एका मुलीला त्यांनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तिच्या सायकलला नववीपर्यंत बाजूची छोटी चाकं होती आणि तरीही बाबा शेजारून पळायचे. त्यात बाबांचं सात किलो वजन उतरलं, सायकल काही तिला आली नाही. शाळेच्या प्रदर्शनात तिने ज्वालामुखी केला, तर बाबांनी आदल्या दिवशी त्यातल्या व्हिनेगरच्या जागी पाणी भरून ठेवलं. तो ज्वालामुखी इतका शांत राहिला की परीक्षकांनी त्याला डोंगर समजून उत्तेजनार्थ बक्षीस दिलं. आणि आजही, बाविसाव्या वर्षी, रस्ता ओलांडायला ती फुटपाथच्या कडेला उभी राहिली की तिचा डावा हात आपोआप बाजूला उचलला जायचा, कुणीतरी तो धरेल म्हणून.

शनिवारी जेवताना तिने घरी पेटीचं सांगितलं.

"पॅकिंग काय वाईट आहे?" बाबा म्हणाले. "बसून काम. आग नाही, काही नाही."

"अहो, तिला ते नकोय," आई म्हणाली. आई औषधाच्या दुकानात काम करायची आणि पिशवीतली दोन्ही मलमं तिनेच आणली होती, पण ती नवऱ्याने आणायला लावली म्हणून. "ऐकताय का?"

मुलगी ताटाकडे बघत होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग ते गप्प बसून जेवले. बाबा गप्प बसले की काहीतरी घडत असतं, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. रविवारी ते दिवसभर गच्चीत दार लावून बसले. आतून खरखर आवाज येत होता. विचारलं तर म्हणाले, कडीला गंज चढलाय.

मंगळवारी डब्याच्या वेळी पिशवीत तिला बिस्किटांचा पत्र्याचा डबा मिळाला. आत फुटक्या काचा होत्या, बऱ्याच. वर चिठ्ठी होती: "पिल्ला, पेटीत टाक. सगळ्या सुरक्षित आहेत. बाबा."

चांगल्या मुलीने तो डबा बंद करून परत न्यायला हवा होता. ती पाच मिनिटं डबा मांडीवर घेऊन बसली. बाकीचे अंगणात जेवत होते, कुणीतरी हसत होतं, खिडकीजवळचं तिसरं टेबल रिकामं होतं. तिने डबा पेटीत उलटा केला आणि हात धुवायला गेली.

बुधवारी सकाळी काका पेटीसमोर उभे होते.

"कापूस, एका दिवसात बरीच प्रगती केलीस."

काकांनी एक तुकडा उचलून खिडकीकडे धरला. "आपल्या काचेची कड जवळजवळ पांढरी दिसते. ही हिरवी. बरणीची काच." मग त्यांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला. दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला. "अगं, यातल्या एकालाही धार नाही."

रेघताई पेन ठेवून आली. तिने एक तुकडा गालावरून फिरवून पाहिला. "साबणासारखा आहे," ती म्हणाली. "घासल्यात कुणीतरी. एकूण एक."

तेव्हा कुठे मुलीला कळलं. फुटलेली काच ती आजवर चिमट्याने उचलत आली होती. खऱ्या काचेच्या कडेला बोट लावल्यावर काय होतं, हे तिला माहीतच नव्हतं, त्यामुळे डबा उलटा करताना काही वेगळं वाटण्याचा प्रश्नच नव्हता. कानाच्या पाळ्यांपर्यंत ती लाल झाली.

"बाबांनी," ती म्हणाली. "आणि टाकल्या मी."

रेघताई हसायला लागली. कुचेष्टेचं नव्हे, पोट धरून. "म्हणजे त्या माणसाने आधी बरण्या फोडल्या आणि मग तुकड्यांना मॅनिक्युअर केलं?" काकांचेही गाल थरथरायला लागले. कापूस रडायच्या बेतात होती, ती कशी कोण जाणे हसायला लागली.

काकांनी पेटी टेबलावर ओतली, हिरव्या कडांचे तुकडे वेचून पत्र्याच्या डब्यात भरले आणि तिचे सात पेटीत परत ठेवले. "हा डबा घरी ने. फार कष्टाचं काम आहे, फेकू नकोस. आणि शुक्रवार संध्याकाळपर्यंत तुझी पेटी तू भर."

संध्याकाळी बाबा हेल्मेट आणि टॉर्च घेऊन घरी आले, तेव्हा डबा जेवणाच्या टेबलाच्या बरोबर मध्यभागी होता.

"बाबा, तुम्ही काचा घासल्यात."

"पॉलिश पेपरने. आधी जाड, मग बारीक." बाबा खुर्चीत बसले. "तुझा हात कापला असता."

"तुमचा कापला का?"

बाबांनी उजवा हात टेबलाखाली घेतला.

"तीन ठिकाणी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आणि मला सांगितलं लिफ्टचं दार लागलं."

मुलगी त्यांच्यासमोर बसली. रागावायचं ठरवून आली होती. पण तीन पट्ट्या लावलेला तो हात बघून राग जिथे ठेवला होता तिथे सापडेना. मग तिने दुसरंच विचारलं.

"बाबा, नव्या लिफ्टचा ब्रेक तुम्ही कसा तपासता?"

बाबांचा चेहरा खुलला. या विषयावर ते तासभर बोलू शकायचे. "रिकामी लिफ्ट वर न्यायची आणि हवा त्यापेक्षा जास्त वेग देऊन खाली सोडायची. कुणी काही करायचं नाही. ब्रेकने आपणहून धरली पाहिजे."

"आणि सोडलीच नाही तर?"

"मग ब्रेक आहे की नुसती शोभा आहे, कळणार कसं? तपासणी म्हणजे सोड..."

बाबांचं वाक्य तिथेच अडलं. त्यांनी डब्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. आईने दारातून दोघांकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "चला, लिफ्ट पोचली. आता हात धुऊन बसा."

जेवताना बाबांनी बोलणी सुरू केली. "म्हणजे उद्यापासून मी सोडायला यायचं नाही? तू एकटी जाणार?"

"हो. आणि पिशवी नको."

"मलम तरी?"

"कारखान्यात आहे, बाबा."

"छोटी ट्यूब."

"अहो," आई म्हणाली.

"बरं," बाबा म्हणाले. एवढा लहान शब्द म्हणायला त्यांना पाण्याचा अख्खा पेला लागला.

गुरुवारी ती सिग्नलपाशी उभी राहिली, डावा हात बाजूला उठला, त्याला हवेखेरीज काही मिळालं नाही, आणि तो तसाच वर असताना ती रस्ता ओलांडून गेली. समोरून येणाऱ्या एका अनोळखी बाईंना वाटलं, ही आपल्याला हात करतेय. त्यांनीही केला.

कारखान्यात तिने गुलाबी झाक असलेला चष्मा चढवला. त्यातून ज्योतीचा पिवळा झगझगाट दिसत नाही, फक्त काच दिसते. नळी फिरायला लागली. कडा नारिंगी झाल्या, आता लोंबेल असं वाटलं, आणि तिने नळी काढली नाही. काचेने मान टाकली, लोंबली आणि टेबलावर गळून पडली. तिने ती पेटीत टाकली. दुसरी वाकडी झाली, तिसरीत तिने इतक्या जोरात फुंकलं की काचेचा फुगा होऊन फुटला आणि त्याच्या कागदासारख्या पातळ पापड्या हवेत तरंगत राहिल्या.

"बर्फ पडला," रेघताई म्हणाली.

चौथी, नववी, अठरावी. प्रत्येक वेळी ठण्ण, आणि प्रत्येक वेळी ज्याची भीती वाटत होती ते होऊन गेलेलं असायचं आणि ती तिथेच, खुर्चीवर, दोन्ही डोळ्यांनिशी शाबूत. तेविसाव्या नळीनंतर ती गुणगुणत होती. तिसाव्याला तिने टेबलावरची एक नळी, गारच आहे असं समजून, चिमट्याशिवाय उचलली.

"आई गं."

अख्खा कारखाना थांबला. रेघताईने टाळ्या वाजवल्या. "पटलं का?"

"पटलं," ती म्हणाली. बोट नळाखाली धरून ती उभी होती, डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर शाळेतलं बक्षीस मिळाल्यासारखं हसू. खरं बक्षीस, उत्तेजनार्थ नव्हे. काका मलम घेऊन आले आणि बोटाच्या टोकावरचा वाटाण्याएवढा फोड त्यांनी कौतुकाने पाहिला, एखाद्याने नातवंडाचा पहिला दात बघावा तसा.

दुपारनंतर हात बदलला. का ते तिला सांगता आलं नसतं. काच कधी ऐकते आणि कधी नाही, हे मनगटांना आधी समजायला लागलं आणि तिला नंतर. संध्याकाळी तिने तीन जोड भट्टीत ठेवले. भट्टी काचेला हळूहळू गार करते, म्हणजे आतला ताण निघून जातो.

शुक्रवारी सकाळपासून मात्र एक नवीच अडचण उभी राहिली. पेटी चार बोटं रिकामी होती आणि काच फुटेना. एकामागून एक जोड नीट येत होते. अकरा वाजता एक तडकला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. पण मग पुन्हा दोन तास काही नाही.

"एक आपट की जमिनीवर," रेघताई कुजबुजली. "हवं तर पुढची मी आपटते, मला सवय आहे."

तिने फळकुटावरच्या, नुसत्या शेजारी बसलेल्या नळ्यांकडे पाहिलं. एका ठोक्यात पेटी भरली असती. पण तिला तो पत्र्याचा डबा आठवला. चार वाजता पेटी उचलून ती काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, चार बोटं राहिली. आता फुटत नाहीयेत. मी काय करू?"

काकांनी तिचे भट्टीतले तीन जोड आणले आणि एकेक करून तपासणीच्या दिव्यापुढे धरले. त्या दिव्याला दोन काळपट पट्ट्या आहेत. त्यांच्यामध्ये काच धरली की जिथे ताण उरला असेल तिथे इंद्रधनुष्याचे पट्टे दिसतात. पहिल्यात एक बारीक निळी रेघ होती. दुसऱ्यात काही नाही. तिसऱ्यात काही नाही, नुसता गडद, शांत अंधार. लाकडी काडीने टिचकी मारली तर नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच सूर वाजली.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नळीत फुंकल्यासारखे थांबले. "चाळीस वर्षांत, पेटी भरत नाही म्हणून तक्रार घेऊन कुणी आलं नव्हतं," ते म्हणाले. "अगं, पेटी कशासाठी? हात शिकला की नाही हे कळायला. तो शिकला. तिसरं टेबल पुसून घे, धूळ आहे त्यावर."

ती टेबल पुसत होती तेव्हा फाटकाशी बाबा दिसले. आत आलेले नव्हते. सुटायच्या वेळी, साडेपाचला, न्यायला येणार नाही असं कबूल केलं होतं, म्हणून ते पाच वाजताच आले होते आणि आपण कशासाठी तरी सहज इकडून चाललोय असा चेहरा करून उभे होते.

"पॉलिशवाले आले," रेघताई म्हणाली. "बोलाव त्यांना. मला तो हात बघायचाय."

बाबा आत आले आणि सगळ्यांत आधी त्यांना दिसलं ते बोट. तोंड उघडलं. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. तोंड मिटलं. मग ते बरंच हळू म्हणाले, "दुखतंय का?"

"थोडं. बाबा, हे माझं टेबल."

बाबांनी टेबलावर हात टेकवून ते हलतंय का पाहिलं, सवयीने. हलत नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं.

"बसा," काका म्हणाले.

"मी?"

"एवढ्या काचा घासल्यात, एक वितळवून बघा."

बाबांना चष्मा चढवला गेला, हातात नळी दिली गेली. कापसाने आपली पेटी फुटक्या काचेच्या ड्रममध्ये रिकामी केली, आतली धूळ फुंकली आणि ती बाबांच्या कोपराशी ठेवली. "यात टाकायचं," ती म्हणाली.

बाबा नळी फिरवायला लागले. उजवा हात पुढे पळत होता, पट्ट्यांमुळे जरा अडखळत, आणि डावा मागे राहत होता. कड नारिंगी झाली. आणखी नारिंगी झाली. नळीचं टोक कुठल्या बाजूला झुकणार हे मुलीला पूर्ण दोन सेकंद आधी दिसलं, आणि तिचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले, धरायला, सावरायला, सांगायला. तेवढ्यात ते तिचे तिलाच दिसले. तिने ते मागे घेतले, पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले. फोड दुखला. बाबांना इतकी वर्षं हे का जमलं नाही, ते तिला तेव्हा उमगलं.

नळी लोंबली, तुटली आणि टेबलावर पडून तिचे तीन तुकडे झाले.

बाबांनी मान वर केली. गुलाबी चष्म्यामागे त्यांचे डोळे लहान मुलासारखे मोठे झाले होते.

"फुटली," ते म्हणाले.

"एक," रेघताईने मोजलं, आणि काकांनी त्यांच्या हातात दुसरी नळी दिली.